झाक्कारिया बंधू आणि उतारावरची गोळी

उत्तर इटलीतील बोलोन्या हे शहर विज्ञानाच्या शिक्षकांना अनोळखी नाही. युरोपातील सर्वांत जुने विद्यापीठ तिथले. परंपरेने त्याची स्थापना १०८८ साली झाली असे मानतात. मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शाने झटका देतो हे पाहून चक्रावलेले गॅल्व्हानी बोलोन्याचे. १८९५ साली जवळच्या पोन्तेक्किओ गावी, वडिलांच्या घरात, बिनतारी संदेशाचे प्रयोग करणारे मार्कोनीही बोलोन्याचेच. याच शहरात मारिनो, फ्रँको आणि नाताले या तीन झाक्कारिया बंधूंनी १९७० च्या दशकात एक कारखाना चालवला. त्यात ते पिनबॉलची यंत्रे बनवत. कंपनीचे नाव त्यांनी आपल्या आडनावावरूनच ठेवले. शिकागोच्या बॅली आणि विल्यम्स या कंपन्यांखालोखाल जगात तिसरी, असे तिचे वर्णन केले जाते.

शाळेच्या मासिकात अशा करमणुकीच्या यंत्रांची कथा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की, विसाव्या शतकात यंत्रे बनवण्याची एक पद्धत मागे पडून दुसरी कशी आली, हे या कारखान्याच्या जेमतेम पंधरा वर्षांच्या इतिहासात अगदी जवळून दिसते. शिवाय या यंत्रांनी एक प्रश्न न्यायालयांच्या गळी बांधला. कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते, हा तो प्रश्न. तो मुंबईच्या न्यायालयांतही बराच काळ चर्चेत होता, आणि आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइलपर्यंत येऊन पोचला आहे.

आपल्याकडे पिनबॉल फारसे आले नाही. पण जत्रेत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांनी बॅगाटेल खेळले आहे त्यांना अर्धे पिनबॉल ठाऊकच आहे. तिरकी फळी, उजव्या कडेला स्प्रिंगचा दट्ट्या, फळीवर ठोकलेले खिळे, खिळ्यांच्या मधोमध खळगे. दट्ट्या ओढून सोडला की गोळी वर जाते आणि खिळ्यांना धडकत खाली येते. फ्रान्समध्ये सोळाव्या लुईच्या भावाच्या 'बॅगाटेल' नावाच्या वाड्यात हा खेळ खेळला गेला आणि त्यावरून त्याला नाव पडले, असे सांगतात. स्प्रिंगचा दट्ट्या मात्र नंतरचा. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली त्याचे पेटंट घेतले. तोवर गोळी बिलियर्डसारखी काठीने ढकलत.

१९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र काढले. जागतिक मंदीचे दिवस होते. एका सेंटमध्ये थोडी करमणूक होते म्हटल्यावर ते यंत्र हजारोंनी खपले. त्याला वीज लागत नसे. वीज आली ती १९३३ साली, हॅरी विल्यम्स यांच्या 'काँटॅक्ट' या यंत्रात. गोळी एका खळग्यात पडली की बॅटरीवर चालणारा विद्युतचुंबक तिला बाहेर भिरकावून देई. लोक यंत्र हलवून गोळी हवी तिकडे वळवतात, हे पाहून विल्यम्स यांनीच पुढे एक लंबक बसवला. यंत्र फार हलवले की लंबक भोवतालच्या कड्याला टेके, विजेचा परिपथ पूर्ण होई आणि खेळ बंद पडे. आठवी-नववीच्या मुलांना परिपथ शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. यात कळ म्हणून वापरलेली वस्तू म्हणजे फक्त एक लोंबती दांडी आणि एक कडे.

पण खरा बदल १९४७ सालचा. गॉटलीब कंपनीच्या हॅरी मॅब्स यांनी 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात फ्लिपर बसवले. फ्लिपर म्हणजे बॅटसारख्या छोट्या पट्ट्या. बाजूचे बटन दाबले की विद्युतचुंबक पट्टीला झटका देतो आणि खाली येणारी गोळी पुन्हा वर टोलवली जाते. इटालियन लोकांनी पुढे या खेळालाच 'फ्लिपर' म्हणायला सुरुवात केली. आजही तिथे पिनबॉल या शब्दापेक्षा तोच शब्द चालतो.

आता जरा गणित करू. आजच्या प्रमाणित पिनबॉल यंत्रात पोलादी गोळीचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर असतो. घनता ७.८ धरून विद्यार्थ्यांना वस्तुमान काढायला सांगा; उत्तर ८० ग्रॅमच्या आसपास येईल. फळीचा उतार साधारण साडेसहा अंशांचा. घर्षण नसलेल्या उतारावरून ठोकळा घसरला तर त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.११३ पट, म्हणजे १.११ मीटर प्रति सेकंद वर्ग. गोळी मात्र घसरत नाही, गडगडते. तिच्या ऊर्जेचा काही भाग गिरक्या घेण्यात खर्च होतो आणि भरीव गोळीचे त्वरण याच्या पाच-सप्तमांश, म्हणजे सुमारे ०.७९ भरते. एक मीटरभर उतार गडगडायला तिला साधारण १.६ सेकंद लागतात. तेवढीच उंची सरळ खाली पडायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागला असता. गॅलिलिओने उतारावर गोळ्या सोडल्या त्या पडण्याची गती मोजता यावी म्हणून. पिनबॉल बनवणाऱ्यांनी उतार दिला तो माणसाच्या डोळ्याला आणि बोटाला सवड मिळावी म्हणून. युक्ती एकच.

गोळी खिळ्याला किंवा रबराचे कडे घातलेल्या खुंटीला धडकते तेव्हा काय होते? खुंटीची आणि गोळीची त्रिज्या मिळून अडीच सेंटिमीटर धरू. एकाच दिशेने येणाऱ्या दोन गोळ्यांच्या वाटेत अगदी किंचित अंतर असेल, तर गोल खुंटीवर त्या वेगवेगळ्या कोनांत आपटतात आणि टक्कर झाल्यावर त्यांच्या दिशांमध्ये फरक पडतो. पुढच्या खुंटीपर्यंत वीस सेंटिमीटर जाताना तो फरक वाढत जातो. भूमितीने हिशेब केला तर मूळ अंतर एका टकरीत कमीत कमी सोळा पट होते. दुसऱ्या टकरीनंतर २५६ पट, आणि पाचव्या टकरीनंतर दहा लाख पटींहून अधिक. सुरुवातीचा फरक मिलिमीटरचा हजारावा भाग असला, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असला, तरी पाच टकरींत तो मीटरभर होतो. फळीच मीटरभर लांब! न्यूटनचे नियम कुठेही मोडलेले नाहीत. प्रत्येक टक्कर नियमानेच झाली. तरीही पाच-सहा टकरींनंतर गोळी कुठे असेल हे आधी सांगता येत नाही.

बॅगाटेलमध्ये गोळी सोडल्यावर खेळाडूच्या हातात काही उरत नाही. अशा दहा-बारा टकरींनंतर ती कुठे पडेल ते नशीबच म्हणावे लागेल. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७० च्या दशकात खिळ्यांच्या फळीवरून असंख्य छर्रे सोडून घंटेच्या आकाराचा आलेख करून दाखवला तो याच बळावर. पण फ्लिपर आले आणि चित्र पालटले. दोन-तीन टकरी घेऊन गोळी खाली आली की खेळाडू तिला पाहतो. तिची जागा, तिचा वेग डोळ्यांनी पुन्हा मोजतो आणि बटन दाबतो. तोवर साठलेली सगळी अनिश्चितता त्या क्षणी पुसली जाते. फ्लिपरवरून गोळी अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने गडगडत असेल, तर बोटाने एकशतांश सेकंद उशीर केला की ती पाच मिलिमीटर पुढे सरकलेली असते आणि वर जाताना तिची दिशा काही अंशांनी बदलते. एवढा नेमकेपणा सरावाने येतो. म्हणजे कौशल्य किती आणि नशीब किती हे यंत्राच्या नावावरून ठरत नाही. खेळाडूला दोनदा हात घालायला मिळतो त्या दरम्यान गोळी किती टकरी घेते, यावरून ते ठरते, असे मला वाटते.

कायद्याला हे पटायला वेळ लागला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली शहरात पिनबॉलवर बंदी आणली. शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशांवर ही यंत्रे डल्ला मारतात, असा त्यांचा आक्षेप होता. पोलिसांनी जप्त केलेली यंत्रे हातोड्याने फोडतानाची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. तेव्हा यंत्रांना फ्लिपर नव्हते, त्यामुळे आक्षेप अगदीच चुकीचा होता असे म्हणता येत नाही. पुढे पाच वर्षांनी फ्लिपर आले, पण बंदी राहिली ती १९७६ पर्यंत. त्या वर्षी रॉजर शार्प या लेखकाने नगर परिषदेसमोर यंत्र खेळून दाखवले. गोळी कुठल्या मार्गातून नेणार हे आधी सांगितले आणि तशीच नेली. बंदी उठली. संख्याशास्त्राच्या शिक्षकाने मात्र इथे भुवई उंचावायला हवी. एकाच प्रयत्नावरून कौशल्य सिद्ध होत नाही. शंभरपैकी किती वेळा साधले, ते विचारायला हवे होते.

इटलीतही जुगाराविरुद्धचे कायदे कडक होते. अमेरिकन यंत्रात ठराविक गुण मिळाले की बक्षीस म्हणून एक खेळ फुकट मिळे. फुकट खेळ म्हणजे मोलाची वस्तू आणि मोलाची वस्तू जिंकली म्हणजे जुगार, असा अर्थ काढता येई. गॉटलीब कंपनीने १९६० साली यावर तोड काढली. फुकट खेळाऐवजी चालू खेळातच एक जादा गोळी द्यायची. त्या यंत्राचे नाव होते 'फ्लिपर'. पुढे त्यांनी खास इटलीसाठी जादा गोळीची बरीच यंत्रे बनवली. कायद्याच्या एका शब्दासाठी शिकागोच्या कारखान्यात वायरिंग बदलले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

या बाजारात झाक्कारिया बंधू उतरले. इटलीच्या गल्लोगल्लीच्या बारमध्ये कॉफीच्या यंत्राशेजारी एक फ्लिपर असे, त्यामुळे गिऱ्हाइकांची वाण नव्हती. आणि बोलोन्यात असा कारखाना काढणे अवघड नव्हते. गॅल्व्हानींचे भाचे जोव्हान्नी आल्दीनी, म्हणजे मामांच्या विजेचे प्रयोग युरोपभर करून दाखवणारे, यांनी मृत्युपत्रात तांत्रिक शिक्षणासाठी संपत्ती ठेवली. लुईजी व्हालेरियानी या अर्थतज्ज्ञांनीही तसेच केले. त्यातून एकोणिसाव्या शतकात कारागिरांच्या मुलांसाठी आल्दीनी-व्हालेरियानी ही शाळा उभी राहिली. लेथ, फायलिंग, रेखांकन, मोटार गुंडाळणे हे सारे शिकलेली मुले तिथून पिढ्यान्पिढ्या बाहेर पडत राहिली. चॉकलेट, औषधे, चहाच्या पुड्या गुंडाळणारी यंत्रे बनवण्यात बोलोन्या आज जगात अग्रेसर आहे, त्यामागे या शाळेचा मोठा वाटा आहे. मोटारसायकलींसाठी प्रसिद्ध असलेली दुकाती कंपनीही १९२६ साली बोलोन्यात निघाली ती रेडिओची कंडेन्सर बनवण्यासाठी! दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर तिने सायकलीला जोडायचे छोटे इंजिन बनवायला घेतले.

नवी मुंबईच्या वाचकांनी आपला ठाणे-बेलापूर पट्टा डोळ्यांसमोर आणावा. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. मोठ्या कारखान्यांच्या आडोशाने चाललेली पत्रा कापण्याची, प्लास्टिक साच्यात ओतण्याची, पावडर कोटिंगची छोटी युनिटे, मोटारी रिवाइंड करून देणारी दुकाने. पिनबॉल यंत्राला नेमके हेच लागते. लाकडाची पेटी, छापलेली काच, तांब्याच्या तारेची शेकडो वेटोळी, पत्र्याचे पट्टे, रबराची कडी, दिवे. यातले काहीही दुर्मीळ नाही. सगळे एका हाकेच्या अंतरावर मिळणे दुर्मीळ, आणि बोलोन्यात ते मिळे.

झाक्कारियांची सुरुवातीची यंत्रे, १९७४ पासून पुढची तीन-चार वर्षे, विद्युत-यांत्रिक होती. या प्रकारचे यंत्र उघडून पाहिले तर आत एकही ट्रान्झिस्टर दिसत नाही, तरी ते मोजते, लक्षात ठेवते, निर्णय घेते. गुण दाखवायला ० ते ९ आकडे छापलेली ढोलकी असतात. गोळी बंपरला लागली की विद्युतचुंबक एक दाता ओढतो आणि ढोलके एक घर पुढे सरकते. ९ वरून ० वर जाताना ढोलक्यावरचा एक खिळा दुसरी कळ दाबतो आणि शेजारचे दशकाचे ढोलके सरकते. पहिलीत आपण 'हातचा एक' शिकवतो, तो इथे हाताने चाचपता येतो. पन्नास गुण एकदम द्यायचे तर एक छोटी मोटार फिरते आणि तिच्यावरच्या उंचवट्यांनी दहाच्या ढोलक्याला पाच ठोके देते. कोणता दिवा लागला आहे, कितवी गोळी चालू आहे, हे सगळे रिलेंच्या स्थितीत साठवलेले. खेळ चालू असताना पेटीतून येणारी टकटक म्हणजे यंत्राचा विचार करण्याचा आवाजच.

फ्लिपरच्या वेटोळ्यातही एक सुंदर युक्ती असते. गोळी टोलवायला जोराचा झटका हवा, म्हणजे प्रवाह भरपूर हवा. पण खेळाडूने बटन दाबूनच ठेवले तर तेवढ्या प्रवाहाने वेटोळे जळेल. म्हणून एकाच गाभ्यावर दोन वेटोळी गुंडाळतात, एक जाड तारेचे आणि एक बारीक तारेचे. समजा विजेचा दाब २५ व्होल्ट आणि जाड तारेचा रोध अडीच ओहम आहे. प्रवाह १० अँपिअर, शक्ती २५० वॅट. फ्लिपर पूर्ण उचलला गेला की त्याचाच मागचा भाग एक कळ उघडतो आणि समजा ४० ओहमचे बारीक वेटोळे जाड वेटोळ्याशी एकसरीत जोडले जाते. आता शक्ती उरते जेमतेम १५ वॅट. उचललेला फ्लिपर नुसता धरून ठेवायला तेवढी पुरते. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण दहावीला ओहमचा नियम घोटून घेताना रोधांच्या कोरड्या गणितांऐवजी हे सांगून पाहावे.

या यंत्रांचा दोष एकच, आणि तो मोठा. शेकडो धातूचे संपर्क. धूळ बसते, ठिणगीने काजळी धरते, पट्टी वाकते. दुरुस्ती करणाऱ्याला कानस आणि धीर दोन्ही लागे.

१९७५ च्या सुमारास अमेरिकेत मायक्रोप्रोसेसरवर चालणारी पिनबॉल यंत्रे दिसू लागली. १९७७ मध्ये बॅली, विल्यम्स आणि गॉटलीब या तिघांनीही ती काढली. झाक्कारियांनी १९७८ च्या 'विंटर स्पोर्ट्स'पासून तो मार्ग धरला. त्यांनी निवडली सिग्नेटिक्स कंपनीची २६५० ही आठ बिटांची चिप. शिकागोची ती तीन नावे ज्या बाजारात वावरत होती, त्यात बोलोन्याच्या तीन भावांची कंपनी वर्षभरात नव्या तंत्रावर गेली, ही साधी गोष्ट नव्हे. कारखान्यात काल रिलेची पट्टी वाकवून नेमकी बसवणारा कारागीर होता. आज सर्किट तपासणारा माणूस हवा होता.

चिपमुळे वायरिंग किती कमी झाले त्याचे एक उदाहरण देतो. फळीवर ६४ कळा आहेत आणि प्रत्येकीची खबर हवी आहे. प्रत्येकीला स्वतंत्र तार दिली तर ६४ तारा आणि एक सामाईक. त्याऐवजी कळांची ८ ओळी आणि ८ स्तंभ अशी जाळी कल्पा. चिप एका वेळी एकाच स्तंभाला वीज देते आणि आठ ओळींतून कुठे वीज आली ते पाहते, मग दुसरा स्तंभ, मग तिसरा. सेकंदात शेकडो वेळा सगळी जाळी तपासून होते. तारा लागतात फक्त १६. आपल्या वर्गातली हजेरी रांगेनुसार घेतात तसेच हे. संगणकाचा कळफलक आजही याच रीतीने वाचला जातो.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे झाक्कारियांच्या भरभराटीची. १९८२ साली इटलीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षीचे त्यांचे यंत्र 'सॉकर किंग्ज'. १९८३ सालची 'टाइम मशीन' आणि 'फार्फाल्ला', म्हणजे फुलपाखरू, ही यंत्रे संग्राहक आजही शोधत असतात. या काळातली काही यंत्रे बोलतही असत. चिपला आवाज मिळाला होता.

पण ज्या चिपने झाक्कारियांची पिनबॉल यंत्रे सुधारली, तिनेच त्यांच्या धंद्याला प्रतिस्पर्धी उभा केला. 'विंटर स्पोर्ट्स' निघाले त्याच १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा पडद्यावरचा खेळ बाजारात आणला. बारमालकाच्या दृष्टीने पाहा. पडद्याच्या यंत्रात हलणारा भाग म्हणजे एक दांडा आणि दोन बटने. रबरी कडी बदलायची नाहीत, गोळी पुसायची नाही, वेटोळे जळत नाही. झाक्कारियांना हे दिसले नाही असे नाही. त्यांनी स्वतः पडद्याचे खेळ बनवले. १९८१ चा 'लेझर बॅटल', १९८३ चा 'मनी मनी', १९८४ चा 'जॅक रॅबिट'. 'लेझर बॅटल'मध्ये तर पिनबॉलमधलीच २६५० चिप होती. पण या क्षेत्रात जपानी आणि अमेरिकन कंपन्यांपुढे त्यांना मोठे स्थान मिळाले नाही. १९८७ नंतर झाक्कारिया नावाची नवी पिनबॉल यंत्रे निघालेली दिसत नाहीत. पिनबॉल संपले होते असेही नाही. १९९२ साली अमेरिकेत 'अ‍ॅडम्स फॅमिली' या यंत्राचे वीस हजारांहून अधिक नग विकले गेले. पण १९९९ मध्ये विल्यम्सनेही पिनबॉल बनवणे थांबवले.

चिपमुळे आणखी एक गोष्ट बदलली आणि तिची चर्चा कमी होते. रिलेच्या यंत्रात मालकाने लबाडी केली तर ती दिसे. उतार वाढवला, खुंटी सरकवली, पट्टी वाकवली, सारे डोळ्यांना दिसणारे. चिपच्या यंत्रात नियम स्मृतीत लिहिलेले असतात. किती गुणांना बक्षीस, कितव्या डावाला हरवायचे, हे काच उघडूनही कळत नाही.

आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातच एक कलम होते, कलम १३. केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, एवढेच ते सांगते. पण कौशल्य किती असले म्हणजे ते कौशल्य? १९५७ साली चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांचे साप्ताहिक बंगळूरहून निघे आणि मुंबई राज्यात भरपूर खपे. राज्य सरकारने त्यावर कर बसवला होता. न्यायालयाने म्हटले की, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यवसाय नव्हे. पण ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे ती जुगार नव्हे. १९६८ साली रमीलाही याच कसोटीवर प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले गेले. १९९५ साली कर्नाटकातील व्हिडिओ गेमच्या यंत्रांचे प्रकरण आले तेव्हा मात्र न्यायालयाने परवान्याची सक्ती योग्य ठरवली. खेळ मुळात कौशल्याचा असला तरी यंत्रात फेरफार करून तो नशिबाचा करता येतो, हा मुद्दा त्यात होता. आमच्या पिढीने १९९० च्या दशकात बाजारातल्या ज्या अंधाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टोकन विकत घेतली, त्यांच्यावर पोलिसांची नजर का असे, ते यावरून समजते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आणि तिथे कौशल्य व नशीब हा भेदच बाजूला ठेवला. हे योग्य की अयोग्य यावर वकील वाद घालोत. पण मोबाइलवरच्या खेळात नियम कोणी लिहिले आणि ते कुठे आहेत, हे खेळणाऱ्याला पाहता येत नाही, एवढे मुलांना समजावून सांगता येते. पिनबॉलच्या दोन पिढ्यांची तुलना त्यासाठी सोपी पडते.

झाक्कारियांची जुनी यंत्रे आता संगणकावर आणि मोबाइलवरही खेळता येतात. मॅजिक पिक्सेल या हंगेरीच्या कंपनीने त्यांच्या प्रतिकृती केल्या आहेत. त्यात पोलादी गोळी नाही. संगणक क्षणाक्षणाला तिचे स्थान समीकरणांनी काढतो.

वर्गात करायचे तर खरी गोळीच बरी. एक मीटर लांबीची सपाट फळी घ्या आणि तिचे एक टोक ११ सेंटिमीटर उचला. उतार जवळपास साडेसहा अंश होतो. सायकलच्या बेअरिंगमधली मोठी गोळी किंवा काचेची गोटी वरून सोडून वेळ मोजा. १.६ सेकंदांच्या आसपास यायला हवा. मग खिळ्यांच्या दहा रांगा एकाआड एक ठोकून खाली अकरा कप्पे करा. प्रत्येक खिळ्यावर डावे-उजवे समसमान धरले, तर १०२४ गोट्यांपैकी सरासरी २५२ मधल्या कप्प्यात आणि अगदी कडेच्या कप्प्यात प्रत्येकी एकच जायला हवी. शंभर गोट्यांनी सुरुवात केली तरी पुरे. मधला कप्पा एका बाजूला सरकलेला दिसला तर फळी आडवी कलली आहे का ते पाहा. वेळ मोजताना गोटी खोबणीतून सोडली असेल, तर तो थोडा जास्त येईल. कारण खोबणीच्या दोन कडांवर टेकलेल्या गोटीला तेवढ्याच वेगासाठी जास्त गिरक्या घ्याव्या लागतात.